मोबाइल पकडणारी साबणदाणी

परवा कुणीतरी मला एक व्हिडिओ पाठवला. फक्त एका आयसीमध्ये, घरच्या घरी, मोबाइल डिटेक्टर! बघून तळपायाची आग मस्तकात गेली. तीच ऑप-अॅम्प नावाची आयसी, तेच दोन-चार कपॅसिटर, तोच लाल दिवा. वीसेक वर्षांपूर्वी रायपुरात मी हेच जोडलं होतं आणि त्यापायी एका बाईची परीक्षा बुडवली होती.

तेव्हा राज्य नवं होतं. भोपाळहून आलेल्या फायली अजून गोण्यांतच पडल्या होत्या, पण आता आपण राजधानीत आहोत, काहीतरी हायटेक करून दाखवलं पाहिजे, असं प्रत्येक साहेबाला वाटायचं. मी चौबे कॉलनीत भाड्याने राहणारा कारकून, आणि हाताला सोल्डरिंगची खाज. मासिकातलं सर्किट एका साबणदाणीत बसवलं आणि ऑफिसात नेलं. साहेबांनी आपला मोबाइल तिला खेटवून फोन लावला, दिवा लुकलुकला, टाळ्या पडल्या. माझी छाती फुगली.

एक गोष्ट मी सांगितली नाही. दाखवण्याआधी मी खोलीतला पंखा आणि ट्यूबलाइट बंद करून घ्यायचो, कारण ट्यूबलाइटखाली तो दिवा न बोलावता लागायचा. घरी महिनाभर मी हे पाहिलं होतं. मोबाइल असला की दिवा लागतो का, एवढंच सगळ्यांनी तपासलं. नसला की तो गप्प राहतो का, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही.

कारण साधं आहे. मोबाइलची लहर सेकंदाला नव्वद कोटी वेळा थरथरते. असला ऑप-अॅम्प तिच्या पासंगालाही पुरत नाही. फोन अगदी जवळ असला आणि बोलत असला, तर त्या धक्क्याने आयसी बावचळते, एवढंच. ती मोबाइल ओळखत नाही, ती दचकते. मोटर, ट्यूबलाइटचा चोक, नायलॉनची साडी, कशानेही दचकते. आणि बंद करून खिशात ठेवलेला फोन तिला सात जन्मांत सापडत नाही.

मे महिन्यात खात्याची परीक्षा आली, एका शाळेच्या हॉलमध्ये. साहेब म्हणाले, "अपनी मशीन लेकर घूमो." मी रांगांमधून साबणदाणी मिरवत निघालो. शेवटच्या रांगेत कूलरला लागून माझ्याच ऑफिसातली बाई बसली होती. नवऱ्याच्या जागी नोकरीला लागलेली, गुढियारीत राहणारी. डबा खाताना एका हातात पोळी आणि दुसऱ्या हातात नियमांचं पुस्तक, असे तिने सहा महिने काढले होते. तिसरी संधी होती आणि तीन संधींवर चौथी मिळत नाही. मी जवळ गेलो आणि दिवा लागला.

ती हसली. "काहून लागून राहिला भैया हा लाइट?"

मी काही बोलायच्या आत साहेब येऊन पोचले होते. तिच्याकडे मोबाइल नव्हताच, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. तिने तसं सांगितलंही. साहेब म्हणाले, "मशीन झूठ नहीं बोलती." माझी मशीन! झूठशिवाय तिने दुसरं केलं काय होतं? पेपर काढून घेतला, एका बाई शिपायाला हाक मारली, आणि तिला झडतीसाठी वऱ्हांड्यात नेलं. मी तिथेच साबणदाणी धरून उभा राहिलो. आत्ता सापडणार नाही, आत्ता सोडतील, असं मनात म्हणत राहिलो. भित्रा माणूस असंच म्हणतो.

शेवटी मी जाऊन कूलर बंद केला. दिवा विझला. चालू केला, लागला. साहेबांनी दोनदा बघितलं आणि खांदे उडवले. "ठीक है, बैठने दो." चाळीस मिनिटं गेली होती. वाढीव वेळ मागितला तर म्हणे तसा नियम नाही. ती नापास झाली. तिसऱ्या रांगेतल्या एकाच्या मोज्यात बंद केलेला मोबाइल होता, हे त्याने नंतर चहाच्या टपरीवर स्वतःच हसत सांगितलं. मी त्याच्या बाजूने दोनदा गेलो होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही.

आठवड्याने साहेबांनी आणखी दोन मशिनी करून मागितल्या. तेव्हा मात्र मी भडकलो, हे सगळं थोतांड आहे असं तोंडावर सांगितलं, सगळ्या ऑफिसने ऐकलं. फार शूर वाटलं मला. पण उशिराच्या शौर्याला काय चाटायचंय?

पेपर सुटला त्या दिवशी ती शाळेच्या फाटकापाशी ऑटोसाठी उभी होती. मी जवळ गेलो. तिने विचारलं, "भैया, तो लाइट खोटा लागते, तुमाले पहिलेपासून मालूम होतं काय?"

मी हो म्हणालो.

"मंग तवाच काहून नाही बोलले?"

"साहेबांसमोर लाज वाटली, ताई."

तिने समोरून येणाऱ्या ऑटोला हात केला. मग म्हणाली, "आन मले, तिथं पदर काढून दाखवताना?"