चार फूट, वर काही नाही

परमेश्वराने पृथ्वी घडवून झाल्यावर ती एकदा आमच्या वरच्या काकांकडे तपासायला पाठवली असती, तर ती अजून दुरुस्तीतच पडून असती. या जगात सरळ, सपाट आणि काटकोनात असं काहीही नाही, असं त्यांचं ठाम मत होतं, आणि ते सिद्ध करायला सदऱ्याच्या खिशात पोलादी टेप आणि कानावर पेन्सिल कायम तयार असे. सगळी नोकरी ओझरच्या विमानाच्या कारखान्यात, तीही इन्स्पेक्शनला. कारखान्याने त्यांना हारतुरे घालून निरोप दिला, पण काकांनी काही इन्स्पेक्शनला निरोप दिला नाही. पुढ्यात विमानं येईनाशी झाली म्हणून त्यांनी आमची सोसायटी तपासायला घेतली. बागेतल्या ज्या बाकावर आम्ही दहा वर्षं सुखाने बसत होतो, त्याचा एक पाय दोन सुतांनी, म्हणजे पाव इंचाने, आखूड आहे, हे त्यांनी एका संध्याकाळी जाहीर केलं. तेव्हापासून तो बाक आम्हा सगळ्यांनाच डुगडुगताना जाणवू लागला. काकांनी पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारली, तरी जो बसे तो आधी बूड हलवून बघे.

वरचे काका म्हणजे अगदी माझ्या डोक्यावर राहणारे. खाली मी एकटा, बायको जाऊन सहा वर्षं झालेली आणि मुलगी पुण्याला नोकरीत. वर ते एकटे, कारण लग्नच केलेलं नाही. काही मोजायचं निघालं की ते काठीने जमिनीवर दोन ठोके द्यायचे आणि मी वर जायचो, कारण टेप कितीही चांगली असली तरी तिचं दुसरं टोक धरायला माणूस लागतो. खिडकी, गॅलरी, गादी, कॅलेंडरच्या खिळ्याची उंची, सगळं आम्ही मोजलं आहे. कशासाठी, हे मी पहिल्या महिन्यात विचारलं होतं, नंतर विचारणं सोडून दिलं. खरं सांगायचं तर ते दोन ठोके ऐकू यावेत म्हणून मी दुपारी टीव्हीचा आवाज कमी ठेवायला लागलो होतो.

बाजारातही तीच तऱ्हा. भावात घासाघीस कधी करणार नाहीत, पण मेथीच्या दोन जुड्या शेजारी शेजारी उभ्या धरून कुठली लांब ते बघतील. आमची नेहमीची भाजीवाली मळ्यातून थेट आलेली, तोंडाची फटकळ. ती एकदा म्हणाली, "काका, मेथीची भाजी करायचीय का सदरा शिवायचाय?" काका न हसता म्हणाले, "लांब जुडीत देठ जास्त. मला आखूड दे."

त्यांचा सगळ्यात मोठा राग पूर्ण आकड्यावर. "पूर्ण आकडा सांगणारा माणूस मोजत नाही, तोंडाला येईल ते बोलतो," हे वाक्य मी त्यांच्याकडून शंभरदा ऐकलं असेल, आणि शंभरदा म्हटलं म्हणून बोलणीही खाल्ली असती. माझ्या मुलीला बघायला मंडळी आली होती तेव्हा मुलाचे वडील कौतुकाने म्हणाले, "आमचा चिरंजीव सहा फूट आहे." काका पोहे खात होते. त्यांनी बशी खाली ठेवली, चिरंजीवांना दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं केलं आणि म्हणाले, "पाच फूट साडेदहा इंच. बुटासकट." स्थळ अर्थातच हातचं गेलं. मी दोन दिवस काकांशी बोललो नाही. मुलीने मात्र त्यांना पुण्याहून खास मोरपंखी रंगाची, म्हणजे तिच्या मते मोरपंखी, एक शाल आणून दिली.

अशा या माणसाबरोबर मी दर वर्षी दिवाळी झाली की समुद्रावर जायचो. जव्हारकडून घाट उतरणारी एसटी, पुढे दुसरी एसटी, मग किनाऱ्यावरचं एक लहानसं कोळीवाड्याचं गाव. थांब्यापासून चालायची वाट जेमतेम अर्ध्या तासाची. सुरूची झाडं, बोंबील वाळत घातलेल्या काठ्या, थोडी वाळू, मग काळा खडक, आणि चढ चढून गेलं की समुद्रात घुसलेलं एक उघडं टोक. त्या टोकावर सिमेंटची एक ठेंगणी खोली होती. समुद्राकडे एक आडवी फट, छतातून डोकावणाऱ्या गंजलेल्या सळया, आत शेळ्यांच्या लेंड्या. महायुद्धाच्या काळात तिथे पहारा असायचा, आणि त्या पहाऱ्यावर काकांचे वडील होते.

वडील विंचूरचे, कांदा पिकवणारे. देवळालीच्या छावणीत भरती झाले तेव्हा त्यांनी गोदावरीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. त्यांच्या हातात दुर्बीण आणि घंटा देऊन सांगितलं, शत्रूचं जहाज दिसलं की वाजव. दोन वर्षं ते त्या फटीतून बघत बसले. जहाज आलं नाही. एकदाच त्यांनी घंटा वाजवली, गाव पोराबाळांसकट सुरूच्या बनात पळालं आणि मग कळलं की तो ढग होता. पुढे पुष्कळ वर्षांनी त्यांनी आपल्या दोन्ही मुलांना ती खोली दाखवायला नेलं आणि आतल्या भिंतीला उभं करून दोघांच्या डोक्यापाशी खिळ्याने रेघा ओढल्या. वरची रेघ काकांची, खालची त्यांच्या धाकट्या भावाची. दोन रेघांमधलं अंतर चार इंच एक सूत. काकांनी माझ्यासमोर ते सहा वेळा मोजलं, आणि सहाही वेळा तेवढंच भरल्याचं त्यांना समाधान वाटलं.

कमी होत होतं ते दुसरंच अंतर. खोलीच्या भिंतीपासून कड्याच्या कडेपर्यंतचं. खडकाच्या डोक्यावरचा मुरूम दर पावसाळ्यात ढासळायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अकरा फूट साडेतीन इंच होतं, गेल्या वर्षी पाच फूट सव्वासात इंच. मी कडेला पोटावर झोपून टेपचं टोक दाबून धरायचो, काका भिंतीपाशी वाचायचे, वहीत लिहायचे, आणि घरी आल्यावर एका पोस्टकार्डावर तेवढाच आकडा लिहून विंचूरला धाकट्याला पाठवायचे. ना चि., ना आशीर्वाद. नुसता आकडा. उत्तर कधी आलं नाही.

कारण वाटणीच्या वेळी काकांनी बांध मोजला होता. धाकट्याचा बांध काकांच्या वाट्यात दीड फूट आत आला होता. गावात दीड फुटाकडे कोणी बघत नाही, आणि काकांना ती जमीन कसायचीही नव्हती. पण आकडा आहे तो आहे, म्हणून त्यांनी चार लोकांत बांध सरकवायला लावला. धाकट्याने बांध सरकवला आणि बोलणं बंद केलं. त्याला तीस वर्षं होऊन गेली. "खोली पडायच्या आत दोघांनी एकदा तिथे उभं राहावं, एवढंच आहे," काका परतीच्या एसटीत खिडकीबाहेर बघत म्हणायचे. "कळवायचं काम मी करतो. किती उरलंय ते त्याला कळायला पाहिजे." या माणसाला एक साधं 'ये' लिहायला काय होतं, असं दर वेळी माझ्या ओठांवर यायचं आणि मी ते गिळायचो.

यंदा काकांचे गुडघे गेले. जिना उतरणं होईना. टेप माझ्या हातात ठेवून म्हणाले, "कडेला टोकावर दगड ठेव. ताठ धर. आणि मला तिथूनच फोन कर."

मी एकटा गेलो. त्या अर्ध्या तासाच्या वाटेवर 'हा दगड हललाय' असं म्हणणारं कोणी नव्हतं, त्यामुळे ती भलतीच लांब वाटली. चढ चढून वर आलो तर पुढे नुसतं आभाळ. खोली नव्हती. खाली लाटांत एक मोठी सिमेंटची फळी उपडी पडली होती आणि सळया पाण्यातून वर आल्या होत्या. रेघांची भिंत कुठली, ते ओळखूसुद्धा येत नव्हतं. मी टेप खिशातून काढलीच नाही. खूप वेळ तसाच बसलो. मग फोन वाजला, त्यांनीच केला होता.

"किती?"

खरं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, "चार फूट."

"वर?"

"वर काही नाही. चार."

मग ते म्हणाले, "टेप ताठ होती ना?"

"हो."

"बरं. सावकाश ये."

रात्री उशीर झाला म्हणून सकाळी वर गेलो. कार्ड लिहून तयार होतं. '४ फूट'. त्यांनी ते माझ्याकडे बघता बघता माझ्या हातात दिलं आणि मी चोरासारखं पेटीत टाकलं.

आठव्या दिवशी फाटकाशी एक म्हातारा उभा. पांढरी टोपी, हातात पिशवी, आणि चेहरा काकांचाच, फक्त उन्हात ठेवलेला. मला म्हणाला, "दादा बरा हाय ना?" मी म्हटलं, गुडघे सोडले तर बरे आहेत. त्याने पिशवीतून सुतळीने बांधलेला कार्डांचा गठ्ठा काढला आणि वरचं कार्ड दाखवलं. "चार फूट म्हंतोय. नुस्तं चार! दादा धडधाकट असता तर असं लिहायचा नाय. लय मोठं दुखणं असंल म्हणून पहिल्या गाडीनं आलो."

मी त्याला वर नेलं. काकांनी दार उघडलं. धाकट्याने चपला बाहेर काढून ठेवल्या. मग काका म्हणाले, "पडली रे खोली."

"चार फूट हाय ना?"

"ते याने सांगितलं. हा खोटं बोलतो तेव्हा पूर्ण आकडा बोलतो."

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "मग कार्डावर का लिहिलंत?" मी विचारलं. ते धाकट्याकडे बघत, अडखळत म्हणाले, "बांधाच्या वेळी... टेप जरा सैल होती."

आयुष्यभरात त्यांनी स्वतःच्या तोंडाने सांगितलेलं ते एकमेव चुकीचं माप असावं.

"नाय दादा," धाकटा म्हणाला. "दुसरं टोक मीच धरलं व्हतं. ताठ व्हती."

मी चहा ठेवायला म्हणून आत गेलो आणि बराच वेळ आतच राहिलो.

महिन्याभरात काका विंचूरला राहायला गेले. वरचं घर बंद आहे. मला आनंद झाला, मनापासून झाला, आणि आता दुपारी टीव्हीचा आवाज मोठा ठेवला तरी चालतो. टेप ते माझ्याकडेच विसरून गेले. विसरणारा माणूस नाही तो, पण मी तसंच म्हणतो.

परवा मला कार्ड आलं. आकडा होता, आणि पहिल्यांदाच आकड्यापुढे शब्द होते. 'ओट्यावर आम्हा दोघांच्या बाजा टाकून दोन फूट साडेआठ इंच जागा उरते. मोजली आहे. अंग चोरून झोपलास तर मावशील. ये.'

मी ते कार्ड तीनदा वाचलं. मग टेप काढली आणि आरशापुढे उभा राहून माझे खांदे किती रुंद आहेत ते बघायला लागलो. एक टोक डाव्या खांद्यावर धरलं की उजवीकडचं निसटतं, उजवीकडे धरलं की डावीकडचं. अर्धा तास खटपट केली. एकट्याने ते माप घेता येत नाही.