वाऱ्याच्या वाटेतलं लुगडं

घराच्या माळवदावर, सपाट मातीच्या छतावर, एक लोखंडी खांब होता. त्याच्या टोकाला पत्र्याच्या चार वाट्या, आणि खाली घड्याळासारखी तबकडी. वारा लागला की वाट्या गरगर फिरायच्या आणि तबकडीवरचा काटा मैल मोजत पुढं सरकायचा. वारा मैलांत मोजतात हे सोलापूरला येईपर्यंत मला ठाऊक नव्हतं. आमच्या राजापूरकडे वारा म्हणजे किती कौलं उडाली आणि कुणाचा माड पडला, एवढंच.

मी त्या घरी स्वयंपाकाला राहिले तेव्हा सव्वीस वर्षांची होते. लग्न ठरलं म्हणून तिसरीतून शाळा सुटली होती. पुढं नवरा तापानं गेला, आणि माहेरी भावजयीच्या संसारात मला बसायला जागा उरली नाही. कुणीतरी ओळख काढली, आणि मी बोट आणि आगगाडी करून या कोरड्या गावी आले. घर एका निवृत्त मास्तरांचं. त्यांना मी काका म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. काकांनी जन्मभर हायस्कुलात शास्त्र शिकवलं होतं आणि आता पेन्शनीत घरच्या घरी हवा मोजायचं वेड घेतलं होतं. पण डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, जिना अरुंद. एकदा पाय घसरला तेव्हापासून काकूंनी वर जायची बंदीच घातली.

मग त्यांनी मला बोलावलं. पाटीवर तबकडी काढून काटा कुठं आहे ते विचारलं. मी बरोबर सांगितलं. शाळा किती झाली असं विचारल्यावर मी खाली बघत तिसरी म्हटलं, तर ते म्हणाले, आकडा वाचता येतो ना, मग पुरे. मला काही येतं असं तोवर कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी एक वही आणि एक पेन्सिल दिली. सकाळी गिरणीचा सातचा भोंगा झाला की आकडा घ्यायचा, दुपारी चारला परत घ्यायचा. आकडा दिसेल तसा लिहायचा, मनानं काही घालायचं नाही, आणि खांबाच्या आसपास काही येऊ द्यायचं नाही. मी मान डोलावली. आसपास काही म्हणजे पोरं, पतंग, कावळ्याचं घरटं असं मला वाटलं. त्या घरातून मला कुणी काढू नये, यासाठी त्यांनी सांगितलं असतं तर मी कावळे हाकत दिवसभर उन्हात उभी राहिले असते.

हे मोजमाप नुसत्या हौसेचं नव्हतं. मोडनिंबच्या वाटेवर, गावापासून कोसभरावर, काकांच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा लिंबाचा मळा होता. विहिरीला पाणी भरपूर, पण ओढता ओढता बैल थकत. त्याला विहिरीवर पवनचक्की बसवायची होती. ती मागवायची तर परदेशातून, आणि वारा पुरला नाही तर लोखंडाचा सांगाडा नुसता उभा. तो काकांना म्हणाला, तुम्ही व्हय म्हणाल तर मागवतो, न्हाय म्हणाल तर इषय संपला. काकांनी सांगितलं, पाडव्यापासून आषाढ संपेपर्यंतचा वारा बघू आणि मग बोलू. उन्हाळ्यातच पाण्याची निकड, म्हणून उन्हाळ्यातला दिवसाचा वारा महत्त्वाचा.

म्हणजे तो मळा माझ्या वहीवर टांगलेला होता.

आता माझी चूक सांगते. मी सोवळ्यात स्वयंपाक करायची. त्यासाठीचं लुगडं रोज धुवून, कुणाचा हात लागणार नाही अशा उंच जागी वाळत घालावं लागतं. खाली अंगणात गाय आणि शेजारच्या साळ्यांची पोरं, शिवाशिव व्हायची. म्हणून माळवदावर, जिन्याच्या भिंतीतल्या खुंटीपासून कठड्यातल्या बांबूपर्यंत मी पुरुषभर उंचीच्याही वर एक दांडी बांधली होती. सातचा आकडा घ्यायचा, आंघोळ करायची, लुगडं धुवायचं आणि काठीनं वर दांडीवर पसरायचं. चारच्या आधी काठीनंच काढून आत न्यायचं आणि मग आकडा घ्यायचा. नऊ वारी लुगडं, दुहेरी घातलं तरी भिंतीएवढं. ते खांबाच्या पश्चिमेला हातभर अंतरावर, बरोबर वाट्यांच्या उंचीला लोंबायचं, आणि सोलापुरात उन्हाळ्यात वारा येतो तो पश्चिमेकडूनच. दिवसभर मी चुलीपाशी. वाट्या मी बघायची त्या सातला आणि चारला, दोन्ही वेळेला लुगडं नसताना. आणि दोन्ही वेळेला त्या छान फिरत असायच्या.

दर महिन्याचे चार दिवस मी बाजूला बसायची. तेव्हा चुलीपाशी सुजलेल्या गुडघ्यांनी काकू उभ्या राहत. मला वहीला हात लावायचा नसे, पण मागच्या जिन्यानं वर जायला हरकत नव्हती. मी आकडा बघून यायची आणि अंगणातून मोठ्यानं सांगायची. काका आतून लिहून घेत, मोठ्या, वाकड्या अक्षरात.

आषाढ सरताना काकांनी मला वहीतल्या बेरजा करायला बसवलं. ते हैराण झाले होते. दिवसा वारा निजतो आणि रात्री उठतो, हे सगळ्या पुस्तकांच्या उलट होतं. त्यातही मधूनच तीन-चार दिवस दिवसाचा वारा दुपटीनं वाढलेला, आणि असं जवळजवळ महिन्या महिन्यानं. त्यांनी पंचांग काढलं. चंद्राचा काही संबंध असावा असं त्यांना वाटू लागलं होतं आणि त्या विचारानं त्यांचा चेहरा उजळला होता. यावर एक निबंध लिहून पुण्याला पाठवीन म्हणाले.

मी बेरजा करत होते. पान उलटलं, वारा वाढला. बघते तर अक्षर काकांचं. पुढं माझं अक्षर, वारा पडलेला. परत त्यांचं अक्षर, परत वारा. चारही महिने तसंच. मी बाजूला बसले की दांडीवर लुगडं नसायचं. वहीत काय लिहिलं गेलं होतं ते मला कळलं. मी कधी बाजूला बसले त्याची ती यादी होती, आणि एक म्हातारा सज्जन माणूस ती पंचांगाशी ताडून बघत होता.

काकूंना मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्या आधी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग डोळे पुसले. म्हणाल्या, लुगड्याचं तू सांग, पण ते चार दिवस त्यांना कुणी सांगायचे? चाळीस वर्षांच्या संसारात मीसुद्धा हा शब्द त्यांच्यापुढं काढलेला नाही. असं म्हणून त्या देवघरात गेल्या. मी आठ दिवस काही बोलले नाही. हे मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही. लुगडं तेवढं खाली आणलं आणि गप्प बसले. सांगितलं तर वही जाईल, वहीबरोबर जागा जाईल, आणि मी जाणार कुठं, हाच एक विचार.

नागपंचमी झाली आणि मळेवाला उत्तर घ्यायला आला. ओसरीवर बसला, फेटा मांडीवर ठेवला. मी दाराआड चहाचे पेले घेऊन उभी. काकांनी वही उघडली आणि म्हणाले की दिवसाचा वारा पुरत नाही, चक्कीचा नाद सोडावा हे बरं. मळेवाल्यानं मांडीवरचा फेटा सारखा केला. मग म्हणाला, "मास्तर, माज्या मळ्यात तर दुपारी उभं ऱ्हाववत न्हाई वाऱ्यानं. पर तुमी मोजलंय म्हनल्यावर मी काय बोलनार?"

मी पेले खाली ठेवले.

"काका, वारा पडलेला नाही. मी अडवला," मी म्हटलं. आणि दांडी, लुगडं, सात आणि चार, सगळं सांगितलं. बोलताना माझा पदर माझ्याच हातात पिळला जात होता.

काकांनी शांतपणे ऐकलं. ते रागावले नाहीत. पण शिक्षक माणूस. शंका राहिली की विचारणारच. त्यांनी वही डोळ्यांशी नेली. "मग मधले हे चार चार दिवस? तेव्हा लुगडं कुठं गेलं?"

मी पेले पुढं सरकवले. आत काकूंच्या बांगड्या वाजल्या आणि थांबल्या. काकांनी परत विचारलं, दर महिन्यालाच का म्हणून, चंद्राचा तर संबंध नसेल ना. तेव्हा मळेवाल्यानं फेटा उचलून डोक्यावर ठेवला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "मास्तर, घरात चार लेकी हायत माज्या. चंद्राचं ऱ्हाऊ द्या की आता."

काकांनी वही खाली ठेवली. मग त्यांचे कान लाल झाले, म्हाताऱ्या माणसाचे कान इतके लाल होतात हे मी तेव्हाच पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत पुसला. मग वहीवर बोट ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "एकंदर सोळा दिवस खरे आहेत. सोळा दिवसांवर मी कुणाला लोखंड मागवायला सांगणार नाही. पुढच्या पाडव्यापासून परत मोजू. आकडे हीच घेईल."

मळेवाल्याचं एक वर्ष गेलं. आणखी एक उन्हाळा त्याच्या बैलांनी ओढला, माझ्यामुळं. जाताना तो मला म्हणाला, "आक्का, चूक समद्यांचीच हुती. बाई लुगडं वाळत घालनार न्हाई तर काय करनार?" ते मला रागावण्याहून जड गेलं.

दुसऱ्या वर्षी वारा पुरला. चक्की आली, उभी राहिली, आणि काका-काकूंना बैलगाडी धाडून मळ्यात बोलावलं. मलाही बोलावणं होतं. चारचा आकडा घ्यायचाय असं सांगून मी घरी राहिले. संध्याकाळी काकू परतल्या त्या हसतच. पंगतीत कुणी विचारलं म्हणे, मास्तर, तुमचे डोळे गेले, मग एवढं बिनचूक मोजलं कुणी? काकांनी पन्नास माणसांत सांगितलं की आमच्या घरी एक विदुषी आहे, स्वतःची चूक स्वतः शोधून काढणारी.

काकूंना वाटलं मी खूश होईन. मी कणीक मळत होते. मी गप्प बसले ते आठ दिवस काकांना कुणीच सांगितले नव्हते, आणि मीही तेव्हा सांगितले नाहीत.