सुंदराला कोणी सांगायचं होतं?

पर्वत पाटियाच्या आमच्या चाळीत सुंदरासारखी अबोल बाई दुसरी नाही. मी सरलाबाई, तिची शेजारीण. माझं तोंड किती चालतं ते अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, म्हणून आमचं जमतं. मी बोलते, ती मजुरीवर आणलेल्या साड्यांचे सुटे धागे कापते.

तिचा नवरा निंबा कापडाच्या लूमवर कामाला. लग्नाला बरीच वर्षं झाली, पण पाळणा हलला नाही. ना तिला दागिना हवा, ना हिंडणं-फिरणं. मूल हवं होतं, बस्स. घरात तिसरा माणूस हेमराज, निंबाचा थोरला भाऊ, म्हणजे तिचा जेठ. त्याची बायको वारलेली. आम्ही सगळे खानदेशातून इकडे गुजराती मुलखात आलेले, आणि आमच्यात जेठासमोर भावजय बोलत नाही. पदर पुढे ओढायचा नि भिंतीकडे तोंड करायचं. सांगायचंच असलं तर तिसऱ्याला सांगायचं, मग जेठ समोर का बसलेला असेना! इथे तिसरी बहुतेक वेळा मीच. "सरलाबाई, त्यांना सांगा, भाजी संपली." मला मेलीला हसू यायचं.

गेल्या उन्हाळ्यात निंबा गावी होता आणि मी लेकीकडे कामरेजला. नेमकं तेव्हाच सुंदराच्या अंगावरून जायला लागलं ते थांबेना. हेमराजने तिला रिक्षात घालून एका खासगी दवाखान्यात नेलं. मी परत आले तोवर ऑपरेशन होऊन ती घरी पडलेली. "गाठ होती, काढली," एवढंच म्हणाली. निंबालाही फोनवर तेवढंच कळलं होतं.

पुढे निंबा गावाहून परतला, पण तिला पाळी आली नाही. महिना गेला, दुसरा गेला. एका दुपारी तिने माझा हात धरला आणि हसली. सुंदरा हसली! मी म्हटलं, "अगं माय, पेढे कुठायत?" तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. आधी तपासून येऊ, मग निंबाला सांगू, असं ठरलं.

महापालिकेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी टाके पाहिले, सोनोग्राफी केली. मग मला बाहेर बसायला सांगितलं. सुंदराने माझा पदर सोडला नाही.

"बेन, तुमची गर्भपिशवी काढलेली आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही?"

सुंदराने नकारार्थी मान हलवली.

"तुम्हाला विचारलं होतं का?"

"मी पडद्यामागे होते. डॉक्टर बाहेर आमच्या जेठांशी बोलत होते."

"तुम्ही शुद्धीत होता ना? मग संमती तुमचीच लागते. जेठाची काय, नवऱ्याचीही चालत नाही. तक्रार करता येईल तुम्हाला."

सुंदरा म्हणाली, "तक्रार केली तर परत बसवतात का?"

येताना रिक्षात मी त्या दवाखान्याला आणि हेमराजला शिव्या घालत होते. सुंदरा रस्त्यावरची दुकानं बघत होती.

घरी हेमराज जेवायला बसला होता, निंबा लूमवर गेलेला. मला म्हणाला, "विचारा तिला, डॉक्टर काय म्हणाले."

"मी काय विचारू? तूच सांग! तिची पिशवी काढली हे तुला ठाऊक होतं की नाही?"

त्याचा घास हातातच राहिला. "डॉक्टर मलाच म्हणाले, काढली नाही तर जीव जाईल. मी सही केली. वाटलं, तिला ते सांगतील."

"आणि नंतर? तू का गप्प बसलास?"

"भावजयीपुढे असलं कसं बोलू, सरलाबाई? निंबाजवळसुद्धा जीभ रेटली नाही. लाज वाटली."

सुंदराने डोक्यावरचा पदर मागे सारला आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून ती त्याच्याशी एक अक्षर बोलली नव्हती.

"सही करताना नाही वाटली?"

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी नाही. हेमराज उत्तर द्यायला माझ्याकडे बघू लागला. मी उठले आणि माझ्या घरी गेले.