उसात गिटार
लॅमिनेशनच्या तापल्या प्लॅस्टिकचा वास आला की मला कर्जतकडच्या आमच्या शाळेतला तो तास आठवतो. शहरातून आलेले एक प्रशिक्षक मुलांकडून ऑनलाइन कॉमिक बनवून घेत होते. विषय 'माझे बाबा'. ऊसतोड करणाऱ्याच्या पोरीला त्या ॲपमध्ये कोयता काही सापडेना, म्हणून तिनं बापाच्या हातात तलवार दिली. महाशय दचकले. "शाळेत शस्त्रं नकोत हं!" म्हणत त्यांनी तलवार उडवली आणि तिथं गिटार चिकटवली. पोरीनं विचारलं, "मग आता ऊस कशानं तोडायचा वो, सर?" विद्वानांना ते ऐकूच गेलं नाही, ते प्रिंट काढण्याच्या गडबडीत होते. पोर दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली. गिटारवाला बाप मात्र लॅमिनेट होऊन अजून आमच्या ऑफिसात टांगलेला आहे, आणि तपासणीला येणारा प्रत्येक साहेब त्याच्याशेजारी हसून फोटो काढून घेतो.