पालकाची सही

तुमच्या प्रगतिपुस्तकावर पालकाची सही कोण करायचं, हे तुम्ही शेवटचं कधी आठवलं?

मी कधीच आठवलं नव्हतं. आठवायला लावलं ते सुमनमावशींनी. त्या आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. माहेर भंडाऱ्याकडचं, नवरा पोलादाच्या प्लांटमध्ये, आणि धाकटी बहीण सिनेमातली मोठी नटी. तिचं नाव मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते भिंतीभिंतीवर लागून झालंय. टीव्हीवर तिचा सिनेमा लागला की मावशी बसायच्या नाहीत. हातात पोछा घेऊन उभ्यानेच बघायच्या आणि बहीण पडद्यावर लेकराला कुशीत घेऊ लागली की तडक अंगणात. विचारलं तर म्हणायच्या, "मले बसणं जमत नाही बाई. काम दिसून राहते."

नटीची मुलगी चिंगी सव्वा महिन्याची असताना मावशींकडे आली, ती दहावी करूनच मुंबईला गेली. प्लांटच्या वसाहतीतल्या आमच्या सगळ्या सेक्टरला हे ठाऊक होतं. मलाही. तरी नटी वारल्यावर इथल्या मराठी मंडळाने आपल्या सभागृहाला तिचं नाव द्यायचं ठरवलं, तेव्हा पत्रक मी लिहिलं आणि त्यात ठोकून दिलं: 'तिने एकटीने लेक वाढवली.' युनियनवाल्याची मुलगी मी. अक्षरं शिकले तीच पत्रकांवर. बायकांच्या न दिसणाऱ्या कष्टांवर तावातावाने लिहायचे.

मावशींनी चष्मा लावून पत्रक वाचलं.

"एकटीनं? मंग मी का करून राहिली होती? भजे तळून राहिली होती?"

"मावशी, असं लिहितात हो."

"कोण लिहिते? तूच तं लिहिलं."

मग पलंगाखालची पेटी ओढून त्यांनी चिंगीची प्रगतिपुस्तकं काढली, पहिलीपासून दहावीपर्यंतची. आईचे नाव: नटीचं. खाली पालकाची सही: सुमन हटवार. दहाही वर्षं तेच.

"आईचं नाव मी कधी बदललं नाही. तिनं काम केलं, मीबी केलं. तिले कावून खोटं पाडू? पण 'एकटीनं' खोडून टाक."

मी तशीच अध्यक्षांकडे धावले. ते हसले. "तुमचंच वाक्य पाटीवर घेतलं, मॅडम. अब पत्थर पे खुद गया. जाऊ द्या ना."

उद्घाटनाला मावशी आल्या. पाटीसमोर उभ्या राहिल्या, अक्षर न् अक्षर वाचलं आणि भाषणांआधीच वळल्या.

"ताई, तुमची खुर्ची पुढे ठेवली आहे," अध्यक्ष म्हणाले.

"पाटीत मी नाही, मंग खुर्चीत कायले बसू?"

त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. चिंगी आली. नटी तिची मम्मी. आई म्हणून ती मावशींनाच हाक मारायची. पेटीतली प्रगतिपुस्तकं तिने मांडीवर घेतली आणि एकेका सहीवरून बोट फिरवत राहिली. "आईची सही बघ. हर साल वही की वही."

पाटी अजून तिथेच आहे, माझ्या वाक्यासकट. मंडळाला मी चार पत्रं दिली, उत्तर नाही. सभागृहाच्या दाराशी अभिप्रायवही असते. तिच्यात मी मावशींचं नाव लिहिलं. पुढच्या आठवड्यात ते पान नव्हतं. एक पान फाडायला कितीसा वेळ लागतो?

म्हणून तुम्हाला सांगते. जवळच्या दुर्गहून या, रसमड्याहून या, त्या वहीत कौतुकाचं काही लिहू नका. 'सुमन हटवार' एवढंच लिहा आणि खाली तुमची सही करा.