अक्षरं आरमोरीतच राहिली

शिक्षकांना संगणक शिकवायला मला नेमलं, तेव्हा माझं स्वतःचं प्रशिक्षण जेमतेम दहा दिवसांचं झालं होतं. आरमोरीच्या शाळेत चार शिक्षकांत मी सगळ्यांत लहान, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. एका खोलीत सहा संगणक, बाहेर चपलांची रांग, आत वीस शिक्षक. वीज कधी जाईल याचा नेम नाही. दहा दिवसांत प्रत्येकानं आपल्या वर्गासाठी संगणकावर एक धडा तयार करायचा आणि गडचिरोलीला जाऊन अधिकाऱ्यांना दाखवायचा. जमला नाही, तर पुन्हा दहा दिवस प्रशिक्षण.

बाकीच्यांसाठी तो नुसता कंटाळा होता. एका बाईंसाठी नव्हता. त्या जंगलातल्या गावात एकट्याच शाळा चालवायच्या. त्या आरमोरीत, म्हणजे तिकडे शाळेला कुलूप.

“मोहफुलाचे दिवस हायेत, सर,” पहिल्याच दिवशी त्या म्हणाल्या. “कुलूप दिसलं का पोरं फुलं वेचाले जातेत. मंग एकेकाले घरून आणा लागते. मागच्या खेपेले दोन पोरी परत आल्याच नाई. हे दहा दिवस कसेबसे काढून राह्यली मी. अजून दहा नाई जमणार मले.”

शाळेची किल्ली त्यांच्या पदराच्या टोकाला बांधलेली असायची. माऊसकडे हात नेला की ती टेबलावर खट्ट वाजायची. दोनदा टिचकी मारायची म्हटलं की त्या एवढ्या जोरात मारत, की माऊसच सरकून जाई.

“बाई, कॅरम नाई हो थे,” मागून एक गुरुजी ओरडले.

“तुमची तर अजून सोंगटीच हालली नाई, भाऊ,” बाई मागे न बघता म्हणाल्या.

सगळ्यांना नमुन्याचा धडा दिला होता: सफरचंद, विमान, जहाज, खाली इंग्रजी नावं. बहुतेकांनी तोच उतरवून काढायचं ठरवलं. माझं डोकं फिरलं. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पण वडिलांनी सभांतून, मोर्च्यांतून आणलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता. मुलाचं शिक्षण त्याच्या घरच्या भाषेत सुरू झालं पाहिजे, हे वाक्य मी बाराखडीबरोबरच वाचलं होतं. ते इथे वापरायचं नाही तर कुठे?

“तुमच्या पोरांनी जहाज पाहिलंय का?” मी बाईंना विचारलं.

“म्याच कुठी पाह्यलं?”

“मग त्यांच्या गोंडीतले शब्द घ्या.”

त्या हळूच म्हणाल्या, “नमुन्यातलं केलं तर पास होतो ना? मंग काऊन वेगळं?”

मी अर्धा तास बोललो. आज आठवलं की लाज वाटते. चुकलं तर अजून दहा दिवसांचं कुलूप त्यांच्या शाळेला लागणार होतं, आणि बोलत मी होतो. शेवटी त्या तयार झाल्या. त्यांनी तीन शब्द निवडले: एर, म्हणजे पाणी. मरा, म्हणजे झाड. पिट्टे, म्हणजे पक्षी. चित्रं स्वतः काढली. झाड छत्रीसारखं आलं, पण मराठी फाँटमध्ये एकेक अक्षर शोधत टाइप केलेलं ‘एर’ पडद्यावर उमटलं, तेव्हा त्यांनी ते बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. वर्गात मुलं वाचतात तसं.

गडचिरोलीच्या बसमध्ये मी घामाघूम होतो. फ्लॉपी उन्हानं बिघडते, लोहचुंबकानं पुसली जाते, असं मला शिकवलं होतं. बाईंचा धडा दोन फ्लॉप्यांत भरला होता. एक माझ्या वहीत, दुसरी बाईंकडे. त्यांच्या पर्सचं बटण चुंबकाचं निघालं, तेव्हा मी फ्लॉपी काढून रुमालात गुंडाळून त्यांच्या रिकाम्या डब्यात ठेवायला लावली.

“एवढी काळजी माह्या नवऱ्यानं कधी नाई केली,” बाई शेजारणीला म्हणाल्या. दोघी हसल्या. मला हसू आलं नाही.

बाईंची पाळी आली. फ्लॉपी उघडली. छत्रीसारखं झाड आलं. त्याच्याखाली ‘मरा’च्या जागी टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं होती, मधेच डॉलरची खूण. मी दुसरी फ्लॉपी घातली. तेच. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फ्लॉपीत धडा आला होता, फाँट आला नव्हता. तो आरमोरीच्या संगणकात होता, या संगणकात नव्हताच. मी आजवर आरमोरीच्याच संगणकांवर काम केलेलं. फाँट वेगळा न्यावा लागतो, हे मला माहीत नव्हतं. आणि बाईंना मीच सांगितलं होतं, अक्षरांची काळजी करू नका.

“हे काय आहे?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“मरा, साहेब. झाड,” बाई म्हणाल्या. किल्ली बांधलेलं पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

“कुठे लिहिलंय?”

मी उठलो. जिल्ह्याच्या कचेरीतल्या संगणकात मराठी नाही, हा दोष बाईंचा का, असं काहीबाही बोलत सुटलो. आवाज चढला.

“नमुना दिला होता ना?” साहेब शांतपणे म्हणाले. “तो का नाही केला?”

याला माझ्याकडे एकच खरं उत्तर होतं. “मी करू दिला नाही,” मी म्हणालो.

त्यांनी कागदावर नापासाची खूण केली. पुढची तुकडी सोमवारपासून.

व्हरांड्यात बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. माझ्या तोंडून माफीबरोबर पुन्हा व्यवस्थेबद्दल काहीतरी निघालं.

“पत्रक मंग वाचा, सर,” त्यांनी मधेच तोडलं. “माह्या शाळेचं काय?”

मी आत परत गेलो आणि दहा दिवस बाईंच्या शाळेवर जायची परवानगी मागितली. तुकडी दुसरा कोणी शिकवेल, साहेब म्हणाले, जा.

बाईंनी पदराची गाठ सोडली. ती सुटायला वेळ लागला. “एर म्हणून दाखवा बरं.”

मी म्हणालो.

“असं म्हणसान तर पोरं हासतीन,” त्या म्हणाल्या आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. “हासू द्या. पण सातच्या आत उघडा. सातनंतर थे जंगलात राह्यतेत.”

सोमवारी पावणेसातला मी कुलूप उघडलं. घंटा वाजवली. अंगणात कोणी नव्हतं. फळ्यावर खडूनं मोठं ‘एर’ लिहिलं, खाली पाण्याचा घडा काढला आणि दाराकडे बघत बसलो. सात वाजून गेले. मग एक मुलगी रिकामी टोपली डोक्यावर धरून दारापाशी थांबली. तिनं मला पाहिलं, बाईंच्या खुर्चीकडे पाहिलं, मग फळ्याकडे.

“एर,” मी म्हणालो.

ती हसली. टोपली तिनं अजून खाली ठेवली नव्हती.