घरटी एक माणूस

श्रमदानावर मी इतकी व्याख्याने दिली आहेत, पण ते जवळून पाहायला कधी गेलो नव्हतो. म्हणून एप्रिलमधल्या एका शनिवारी स्वारगेटहून सकाळची पहिली एसटी धरली. भोर तालुक्यात नसरापूर फाट्याला उतरून मिसळ खाल्ली आणि शेअर जीपने वेल्ह्याकडच्या पालीला पोचलो. मार्गासनीपर्यंत रस्ता चांगला, पुढे खड्डे. ट्रेकर राजगडाकडे निघाले, मी वरच्या वाडीकडे. अर्ध्या तासाची चढण आहे. पाणी जवळ ठेवा, वाटेत सावली नाही.

वाडीच्या झऱ्याखालचे दगडी टाके गाळाने भरून फुटले होते. एका संस्थेची कार्यकर्ती अश्विनी त्यासाठी दोन महिने इथे राहते आहे. गवंडी फक्त रविवारचा मिळाला होता, मग तो थेट पावसाळ्यानंतर येणार. रविवारपर्यंत टाके रिकामे झाले नाही, तर बायकांना उन्हाळाभर नदीपर्यंत उतरणे आले.

टाक्यात अश्विनी एकटीच घमेले घेऊन उभी होती.

"बाकीचे कुठे आहेत?"

"रुसलेत," ती म्हणाली.

देवळाच्या भिंतीवर तिने तक्ता लावला होता: नाव, वार, वेळ. शुक्रवारी पार्वतीआजींची पाळी होती. त्या शेरडांमागे गेल्या आणि सुनेला, मंगलला पाठवले. मंगलने दुपारपर्यंत गाळ उपसला. अश्विनीने आजींच्या नावापुढे लिहिले, 'गैरहजर'.

आजी देवळाच्या पायरीवरच बसल्या होत्या, चार बायका भोवती.

"गैरहजर म्हंजी काय गं? म्या मेली व्हय?"

"आजी, नाव तुमचं होतं म्हणून..."

"घरटी येक मानूस, आमच्यात असंच असतंय. भाताच्या सावडीला कोन आलं त्ये कुनी बगतं का? घर आलं का, त्ये बगत्यात."

सावड म्हणजे आज तुमच्या लावणीला आम्ही, उद्या आमच्या लावणीला तुम्ही. आजींच्या सावडीतली घरे थांबली, म्हणून वाडी थांबली.

मला राहवेना. समता, पाणी, सामूहिक श्रम यांवर मी पंधरा मिनिटे बोललो.

"लई ग्वाड बोलता सायेब," आजी म्हणाल्या. "घसा सुकला आसंल. पानी प्या. पर जपून, सुनंनं नदीवनं आनलंय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. अश्विनीने मात्र तक्ता उतरवून उलटा केला.

"चुकलं माझं, आजी. घरं सांगा, तशी लिहिते. वेळ आठ?"

"धारा काडल्यावर. म्हशीला घड्याळ दिलंया का तुमच्या संस्थेनं?"

तेवढ्यात मागून मंगल म्हणाली, "आत्याबाई, आधी गैरहजर तुमी, आता हजर घर. गाळ म्या उपसला, त्ये कुठं लिवनार?"

आजींनी तंबाखूची चंची उघडली, तशीच बंद केली.

"लिव बाई," त्या अश्विनीला म्हणाल्या. "घराम्होरं जी येईल तिचं नाव लिव. पयलं मंगलचं."

त्याच दुपारी टाक्यात नऊ जणी उतरल्या. मीही घमेली उचलली, तासाभरात कंबर धरली. रात्री पालीत पिठलं-भाकरी खाऊन मुक्काम केला. रविवारी गवंडी आला तेव्हा तळाचा दगड दिसत होता. संध्याकाळपर्यंत तीन भिंती सांधल्या, चौथीला सिमेंट पुरले नाही.

सोमवारी पुण्यात पुढच्या व्याख्यानाची टिपणे काढली. जिथे जिथे 'जनता' लिहिले होते तिथे थांबून विचारत गेलो: कोणाचे घर, कोणाचे हात? उत्तर नव्हते ते सगळे खोडले. तासाभराचे व्याख्यान वीस मिनिटांवर आले आहे.